न भरलेला फॉर्म

डॉक्टरबाई कुणाला औषध देत नसत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही माणसाला खोकल्याची साधी गोळीसुद्धा लिहून दिली नव्हती. तरी गल्लीतली माणसं संध्याकाळी त्यांना दारातच गाठायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. "अहो, मी विषाणूंची डॉक्टर, माणसांची नाही," असं त्या सांगायच्या. त्यावर समोरचा म्हणायचा, "मग बरोबर जागी आलोय, मला विषाणूच झालाय."

त्यांचा विषय होता गुरांचा फ्लू. माणसांना फ्लू होतो, डुकरांना होतो, बदकांना होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गायींचा म्हणून एक वेगळाच फ्लू असतो, हे चौदा वर्षांपूर्वी नवीन होतं. गाय त्याने मरत नाही. नाक गळतं, चार दिवस ढास लागते, दूध कमी येतं, आणि पाचव्या दिवशी बाईसाहेब पुन्हा रवंथ करायला मोकळ्या. असल्या बिनमहत्त्वाच्या विषाणूकडे कोण ढुंकून पाहणार? डॉक्टरबाईंनी पाहिलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. गायीला खेटून बसून जी माणसं रोज दोन वेळा धार काढतात, त्यांना हा फ्लू होतो की नाही?

त्यासाठी त्यांनी तीनशे बारा धार काढणाऱ्यांचं रक्त गोळा केलं. नुसतं रक्त नाही, प्रत्येकाकडून चार पानी फॉर्म भरून घेतला. त्या फॉर्मवर त्यांचा फार जीव. चौतीस प्रश्न. गोठ्यात किती वर्षं, धार हाताने काढता की यंत्राने, आजारी जनावराचं नाक पुसता का, झोपता कुठे, घरात कुणाला ताप आला होता का, आला असेल तर पुढे काय झालं. एक आडदांड गडी वैतागून म्हणाला होता, "बाई, एवढं तर माझ्या सासऱ्यानेही विचारलं नव्हतं." डॉक्टरबाईंनी मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला होता.

फॉर्मवर नाव नसायचं, फक्त नंबर. आणि एक नियम होता, तो त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावून सांगत. चुकलेलं खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पांढरं तर अजिबात फासायचं नाही. चुकीवर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. "चूक करायला परवानगी आहे," त्या म्हणत, "लपवायला नाही."

तीनशे बारा जणांत एकालाही गायीचा फ्लू झाल्याची खूण सापडली नाही. डॉक्टरबाईंनी तसा लेख लिहिला आणि तो गाजला. गोठ्यांसाठी नियम करणाऱ्या समितीने त्यांच्या लेखावर बोट ठेवून मास्कचं कलम काढून टाकलं. मग सत्कार झाला, सभागृहात, माइक वगैरे लावून. अध्यक्षांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "जनावराचा ताप माणसाला येत नाही, हे बाईंनी सिद्ध करून दाखवलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्याच वेळी तिसऱ्या रांगेतल्या सासूबाई उठल्या आणि डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेल्या.

ते डॉक्टरबाईंच्या मनात सलत राहिलं. सुनेचं कौतुक पाहवत नाही, दुसरं काय. चौदा वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं, आणि वर्षातून एखाद्या वेळी नवऱ्याला ऐकवलंही होतं.

*

आता सासूबाईंचं थोडं सांगायला हवं. वय ब्याऐंशी. ताठ, नीटनेटक्या, जिभेला धार. त्यांचं माहेर शहरातलं, वडील पोस्टात, असं सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांनीच ते सांगितलेलं होतं. डॉक्टरबाई गोठ्यांतून फिरून घरी आल्या, की सासूबाई नाकाला रुमाल लावून मागच्या दाराकडे बोट दाखवायच्या. "आधी अंघोळ, मग तोंड दाखव. मी आयुष्यात गोठ्याची पायरी चढले नाही आणि या वयात गोठा घरात नको." दुधाचा त्यांना तिटकारा, चहासुद्धा कोरा. एक गोष्ट मात्र खरी, की घरात कुठल्याही बरणीचं झाकण अडकलं तर ते त्यांच्याचकडे जायचं. मुलगा लालबुंद होऊन थकला, की म्हातारी ते डाव्या हाताने फिरवायची आणि "मेले नाजूक" म्हणून परत द्यायची.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांना एक चमत्कारिक दुखणं लागलं. अंगात रक्त जास्त होतं. दवाखान्यात दर तीन महिन्यांनी एक पिशवीभर रक्त काढायचे आणि टाकून द्यायचे. नेमके तेच दिवस डॉक्टरबाई मेटाकुटीला आलेल्या होत्या, कारण त्यांना अशाच रक्ताची गरज होती.

त्याचं असं आहे. त्यांची चाचणी एका प्लास्टिकच्या ताटलीत चालते. ताटलीत शहाण्णव खळगे, प्रत्येकाच्या तळाशी विषाणूचा तुकडा चिकटवलेला. त्यावर माणसाच्या रक्तातलं निवळ पाणी, म्हणजे सीरम, टाकायचं. त्या माणसाला विषाणू कधी भेटलेला असला, की रक्त ती ओळख विसरत नाही, लहानपणची असली तरी. सीरम विषाणूला धरून बसतं आणि शेवटी खळग्यात पिवळा रंग येतो. ओळख घट्ट तितका पिवळा गडद. पण थोडासा रंग कुणाच्याही रक्ताला येतो, उगीचच. तो किती, हे ठरवायला प्रत्येक ताटलीत एक असं रक्त लागतं ज्याने हा विषाणू जन्मात पाहिलेला नाही. बाकी सगळे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे, त्याच्याहून गडद आलं तरच खूण धरायची. तेच रक्त, दर वेळी, वर्षानुवर्षं. म्हणजे पिशवीभर तरी हवंच.

"आई, नाहीतरी ते टाकूनच देतात," डॉक्टरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "मला द्या. गायीगुरांशी कधीच संबंध न आलेल्या माणसाचं रक्त हवंय, तुमच्यासारख्या."

सासूबाई क्षणभर थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, "घे की. गटारात जाण्यापेक्षा तुझ्या बाटल्यांत जाऊ दे."

डॉक्टरबाई खूश झाल्या. तीन पिशव्या मिळाल्या. त्यांच्या बोटाएवढ्या शेकडो कुप्या भरल्या, प्रत्येकीवर "नि-१" लिहिलं, म्हणजे निगेटिव्ह पहिलं, आणि खोल गोठवून ठेवल्या. खात्रीसाठी त्यांनी स्वतःचंही रक्त लावून पाहिलं. दोघींचा रंग जवळपास सारखा फिकट पिवळा आला. झालं, काम चोख. तीनशे बारा जणांना चौतीस प्रश्न विचारणाऱ्या या बाईने सासूला मात्र एकही विचारला नाही. घरचं माणूस, त्यांचं सगळं तर माहीतच होतं.

*

नि-१ च्या कुप्या संपत आल्या. शेवटच्या चाळीस उरल्या, तेव्हा नि-२ तयार करण्याचं काम शंकासुरांकडे आलं. शंकासुर म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेतून बदलून आलेले त्यांचे सहकारी, पंचेचाळिशीचे गृहस्थ. घड्याळात किती वाजले विचारलं तर "कोणाच्या घड्याळात?" म्हणणारे. नाव प्रयोगशाळेने पाडलं होतं आणि त्यांना ते आवडायचंही. त्यांनी एकाऐवजी बारा माणसं धरली. ग्रंथपाल, लिफ्ट दुरुस्त करणारा, चष्मे बनवणारी, संस्थेचे संचालक. बाराही जणांकडून चार पानी फॉर्म भरून घेतला. संचालक कुरकुरले, पण शंकासुर खुर्चीवरून हलले नाहीत.

मंगळवारी अकरा वाजता ते डॉक्टरबाईंच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. ते दार कधीच लावत नसत.

"मी तीनदा केलं," ते म्हणाले. "आधी वाटलं माझीच गफलत. मग वाटलं ताटल्या खराब. म्हणून तुम्हाला आत्ता सांगतोय."

त्यांनी ताटली उजेडात धरली. वरच्या रांगेत बारा खळगे पाण्यासारखे स्वच्छ. तेरावा, खालचा, लिंबाच्या सालीसारखा पिवळा. तो नि-१ होता.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. ज्या पिवळ्या रंगाला त्यांनी चौदा वर्षं "उगीचच येणारा" म्हटलं होतं, तो उगीच येत नव्हता. उगीच येणारा रंग दिसतसुद्धा नव्हता.

"माझं लावून पाहा," त्या म्हणाल्या.

"पाहिलं. तुमची जुनी कुपी होती. तुम्हीही पिवळ्या." शंकासुर जरा घुटमळले. "तुम्ही तेव्हाही पंधरा वर्षं गोठ्यांतून फिरलेल्या होतात ना?"

म्हणजे पिवळ्याची खात्री पिवळ्याने केलेली. डॉक्टरबाईंना स्वतःचा इतका राग आला, की त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली आणि ती मोडली.

चार दिवस दोघांनी दुसरं काही केलं नाही. धार काढणाऱ्यांची जुनी रक्तं बाहेर काढली आणि नव्या मापाने मोजली. तीनशे बारांपैकी सत्त्याऐंशी पिवळे. चारात एकाहून जास्त. यांनाच त्यांनी "पुरावा नाही" म्हटलं होतं आणि यांच्याच तोंडावरचा मास्क त्यांच्या लेखाने उतरवला होता.

"लगेच दुरुस्ती छापायला पाठवू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"इतक्यात नाही." शंकासुरांनी दोन बोटं वर केली. "दोन शक्यता आहेत. नि-१ ज्यांचं आहे त्यांना गायींचा फ्लू खरंच होऊन गेला, ही एक. मग चाचणी खरी बोलतेय, आणि सत्त्याऐंशी जणही खरे. पण त्यांचा गायींशी खरोखरच संबंध आलेला नसेल, तर आपली चाचणी कशालाही पिवळी होते. मग सत्त्याऐंशींना काही अर्थ नाही, तुमच्या जुन्या लेखालाही नाही, आणि गायींवरच्या कामालाही नाही. चौदा वर्षं कचऱ्यात. छापणारे पहिला प्रश्न हाच विचारतील. त्यांचा फॉर्म कुठाय?"

डॉक्टरबाईंनी समोरची ताटली बाजूला सारली.

"फॉर्म आहे ना?" शंकासुरांनी विचारलं.

"त्या माझ्या सासूबाई आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

शंकासुरांना आयुष्यात प्रथमच काही शंका विचारावीशी वाटली नाही.

*

रविवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर डॉक्टरबाईंनी विषय काढला. ही त्यांची दुसरी चूक. समोर नवरा बसलेला. तो नकाशे काढण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला, सालस माणूस, पण कुठे बोलू नये हे त्याला कधी कळलं नाही.

"आई, तुमचा लहानपणी कधी गुरांशी संबंध आला होता का? शेजारी गोठा, सुट्टीत कुणाकडे राहायला, असं काही?"

"आईचा आणि गोठा!" नवरा हसला. "अगं, ती मांजरालासुद्धा हात लावत नाही. आजोबा पोस्टात होते, तुला माहीत नाही का?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "काय झालंय?"

डॉक्टरबाईंनी सांगितलं, की चौदा वर्षांपूर्वीच्या तुमच्या रक्तात गायीच्या फ्लूची खूण दिसते आहे.

"तुझ्या यंत्रालाच काहीतरी झालंय, ते आधी दाखवून आण," सासूबाई म्हणाल्या. उठल्या, खोलीत गेल्या, दार लोटलं. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. विचारलं तेवढ्यापुरतं हो-नाही. बुधवारी मुरांब्याच्या बरणीचं झाकण अडकलं, तर ती बरणी ओट्यावर तशीच पडून राहिली. त्यांच्या दारावर टकटक करायचं धाडस कुणालाच होईना.

त्या बरणीकडे बघता बघता डॉक्टरबाईंच्या डोक्यात उजेड पडला. तीनशे बारा माणसांशी त्यांनी हात मिळवलेला होता. हाताने धार काढणाऱ्याची पकड कशी असते ते त्यांना पुरतं माहीत होतं. सुरुवातीला तर बोटं चेपली जायची म्हणून त्यांनी अंगठी काढून ठेवली होती. आणि तीस वर्षं घरातली झाकणं कोण उघडत होतं, तर पोस्टातल्या साहेबांची लेक. आपण काय डोळे मिटून वावरत होतो? त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. मग त्यांनी तोंड धुतलं.

*

गुरुवारी दुपारी नवरा जुन्या मित्रांकडे गेलेला असताना डॉक्टरबाई लवकर घरी आल्या. आधी मागच्या दाराने जाऊन अंघोळ केली. मग सासूबाईंच्या दारावर टकटक करून आत गेल्या. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसून स्वेटर उसवत होत्या. डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"आई, मी तुम्हाला खोटं ठरवायला आले नाही. चूक माझी आहे. सगळ्यांना फॉर्म दिला, तुम्हाला दिला नाही."

"नाहीच दिलास." सासूबाईंचे हात थांबले नाहीत. "तू विचारलंच नाहीस. तूच मला सांगितलंस, तुमचा कधी संबंध आला नाही म्हणून."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

"नसतं सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "पण विचारायला हवं होतंस."

हे डॉक्टरबाईंच्या वर्मी लागलं. त्यांनी मान हलवली.

"म्हणजे तू जे लिहिलंस, ज्याचा सत्कार झाला, ते खोटं?"

"खोटं नाही, चुकीचं. मी मुद्दाम केलं नाही. पण चुकीचं आहे."

"काय लिहिलं होतंस? नीट सांग."

"गायीचा ताप माणसाला येत असल्याचा पुरावा नाही, असं."

"आणि आता?"

"आता वाटतंय, येतो. सत्त्याऐंशी जणांना आलाय. पण ते छापायचं तर तुमच्या रक्तातली खूण कुठून आली ते सांगावं लागेल. नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. तुमचं नाव कुठेही येणार नाही. घरातही नाही, तुमची इच्छा नसेल तर."

सासूबाईंनी लोकर मांडीवर ठेवली. उसवलेला धागा शेवटापर्यंत गुंडाळून घेतला.

"आण तो फॉर्म," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी तो पिशवीतून आधीच काढलेला होता. वरच्या चौकोनात त्यांनी नंबर घातला, तीनशे तेरा. मग पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली, जशी प्रत्येकाशी करायच्या तशीच, एकही न गाळता.

गोठ्यात काम केलंत का? केलं. वयाच्या कितव्या वर्षापासून? आठव्या. किती वर्षं? आठ. सोळाव्या वर्षी पळाले, कपड्यांच्या कारखान्यात लागले, तिथे तुझे सासरे भेटले. हे फॉर्ममध्ये आहे का? नाही. मग लिहू नको. वडिलांचा व्यवसाय? साठ गायींच्या गोठ्यावर धार काढणारा. पोस्टात नाही, पोस्ट आमच्या गावात नव्हतंच. धार हाताने की यंत्राने?

सासूबाईंनी नुसते हात पुढे केले. डॉक्टरबाईंनी "हाताने" वर खूण केली.

रोज किती गायी? बारा, सकाळी बारा, संध्याकाळी त्याच बारा. राहण्याची जागा? गोठ्याच्या टोकाला खोली, मध्ये फळ्यांची भिंत. फळ्यांत फटी. थंडीत बरंच वाटायचं, गायींची ऊब यायची. आजारी जनावराचं नाक पुसलंत का? पुसायचंच असतं, नाहीतर बादलीत पडतं.

सासूबाई उत्तरं देत होत्या आणि त्यांचा आवाज बदलत चालला होता. शब्द आखूड झाले, कुठले कुठले जुने स्वर आले. डॉक्टरबाईंनी हा आवाज तीनशे बारा वेळा ऐकला होता, पण या घरात कधीच नाही.

प्रश्न तेहेतीस. तुम्हाला स्वतःला अशा वेळी ताप आला होता का?

"अकरा वर्षांची होते. थंडीचे दिवस. आधी गायींची नाकं गळायला लागली. साठच्या साठ खोकत होत्या, रात्रभर कुणाला झोप नाही. आठवड्याने मला ताप आला. आठ दिवस होता."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. पुढचा प्रश्न विचारताना त्या थांबल्या, पण नियम म्हणजे नियम.

"प्रश्न चौतीस. त्याच सुमारास घरात आणखी कुणाला ताप आला होता का? आला असल्यास पुढे काय झालं?"

"धाकटीला," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यानंतर दोन दिवसांनी. माझ्याच पांघरुणात झोपायची ती. पाचव्या दिवशी गेली."

तुम्हाला बहीण होती, असं डॉक्टरबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"गायींना बघायला गुरांचा डॉक्टर आला होता. आई त्याच्या पाया पडली, की माझ्या पोरीलाही गायींसारखंच झालंय, बघा. तो म्हणाला, जनावराचा ताप माणसाला येत नाही, थंडी लागली असेल. मालक म्हणाला, हे पुन्हा बोललात तर खोली रिकामी करा, माझं दूध कोण घेईल? मग सगळे तेच म्हणायला लागले. थंडी लागली. आईने पांघरूण नीट घातलं नाही म्हणून पोर गेली. आई मरेपर्यंत तेच धरून बसली होती. शेवटी शेवटी तर कुणाच्याही अंगावर पांघरूण घालत सुटायची, भर उन्हाळ्यात." सासूबाईंनी नाक पुसलं. "आणि त्या दिवशी सभेत तो माणूस माइकवरून तेच वाक्य ओरडला. तेच शब्द. तुझं नाव घेऊन. मला वाटलं, शिकलेली आहे, एवढी रक्तं तपासलीत, म्हणजे खरंच असेल. आईचीच चूक असेल."

डॉक्टरबाईंना रडू आवरलं नाही. त्या पलंगावरून उठून सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसल्या. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तो चांगलाच जड होता.

"आई, एक सांगते," थोड्या वेळाने डॉक्टरबाई म्हणाल्या. "धाकटी त्यानेच गेली, हे मला सिद्ध करता येणार नाही. मोठ्या माणसाला यात जास्त काही होत नाही. लहान मुलांचं आम्हाला माहीत नाही, आम्ही तपासलेलं नाही. तिचं रक्त नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही."

"मी कुठे म्हटलं सिद्ध कर? तुझं सिद्ध केलेलं बघितलं एकदा." म्हातारीची जीभ जागेवर आली होती. "येत नाही असं कुणाला म्हणता येणार नाही ना आता?"

"नाही. ते आता कुणालाच म्हणता येणार नाही."

"मग झालं. आणि पोराला कळलं तर कळू दे. जन्मभर नकाशे काढले, आईचं गाव काही सापडलं नाही त्याला." सासूबाई पुढे वाकून फॉर्मकडे बघू लागल्या. "तिला कुठे लिहिलंस?"

"इथे, तुमच्या चौतिसाव्यात. धाकटी बहीण, ताप, मृत्यू."

"हे माझ्या पानावर झालं. तिचं पान कुठाय?"

रक्त नसेल तर नंबर द्यायचा नाही, असा नियम होता. तोही डॉक्टरबाईंनीच केलेला. त्यांनी पिशवीतून दुसरा कोरा फॉर्म काढला, वरच्या चौकोनात तीनशे चौदा लिहिलं आणि मांडीवर ठेवून भरायला घेतला. बहुतेक रकाने रिकामेच राहिले. राहण्याची जागा, गोठ्यालगतची खोली. आजारी जनावराजवळ, होय. ताप, पाच दिवस. रक्ताच्या नमुन्यासमोर त्यांनी लिहिलं, उपलब्ध नाही.

"वाचून दाखव," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी वाचलं. "नंबर तीनशे चौदा. मुलगी. वय सहा वर्षं."

"सहा नाही. सहा पुरी व्हायला महिना होता. पाच लिही."

डॉक्टरबाईंनी सहावर एक रेघ मारली. शेजारी पाच लिहिलं, सही केली आणि तारीख घातली.